वाचकांचे प्रश्न : सूर्यावरचे डाग, ज्वाळा आणि डाळिंबावरचे चट्टे

यावेळी सूर्याबद्दलच एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. सोलापुरात मार्च संपला की सूर्याबद्दल बोलायला कुणाला कारण लागत नाही, फक्त ते बोलणं बहुतेक वेळा शिव्यांचंच असतं. पण यंदा लोकांनी डाग, ज्वाळा, खळं, हेलियम असं काय काय विचारलंय. काही प्रश्न दोन-तीन जणांनी सारखेच विचारले होते, ते एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

प्रश्न : ग्रहणाच्या वेळी आणलेला चष्मा लावून मी सूर्य बघितला तर त्यावर एक बारीक काळा ठिपका दिसला. दादा म्हणतो चष्म्यावर घाण आहे, पप्पा म्हणतात बुध ग्रह असेल. कोण बरोबर? (इयत्ता नववी, जुळे सोलापूर)

बाळ, दोघंही नाहीत. घाण आहे का हे बघायला सोपी युक्ती आहे, चष्मा डोळ्यासमोरच थोडा डावी-उजवीकडं सरकवायचा, घाण असेल तर ती चष्म्याबरोबर हलेल आणि सूर्यावरचा ठिपका जागेवरच राहील. आणि बुध सूर्यासमोरून जातो खरा पण तो फार क्वचित, मागच्या वेळी ११ नोव्हेंबर २०१९ ला गेला, पुढच्या वेळी १३ नोव्हेंबर २०३२ ला जाणार, आणि सूर्याच्या रुंदीच्या साधारण दीडशे-दोनशेव्या भागाएवढाच दिसतो, नुसत्या चष्म्यातून कळतच नाही.

तू बघितलास तो सौरडाग. सूर्याचा जो झगझगीत भाग आपल्याला दिसतो त्याचं तापमान साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि डागाच्या मधल्या भागात ते साडेतीन-चार हजारांवर येतं. म्हणजे डागसुद्धा भयंकर तापलेलाच आहे, फक्त शेजारच्यापेक्षा थंड आहे म्हणून काळा दिसतो. तेवढाच डाग कापून रात्रीच्या आकाशात ठेवता आला असता तर पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा जास्त चमकला असता. आणि ज्याला तू बारीक म्हणतेस तो चष्म्यातून दिसला याचा अर्थ आपल्या पृथ्वीहून दोन-तीन पटीनं तरी रुंद असणार, त्याहून लहान असला तर डोळ्याला वेगळा ओळखूच येत नाही.

आता थंड का, तर चुंबकत्व. सूर्याच्या आतली उष्णता वर येते ती तापलेला वायू वर येऊन, गार होऊन, परत खाली जाऊन, असं चक्र चालून. चुलीवर पिठलं रटरटत असताना वर बुडबुडे येतात ना, तसे सूर्यभर दाणे दाणे दिसतात चांगल्या टेलिस्कोपमधून, एकेक दाणा हजारभर किलोमीटरचा आणि आयुष्य पाच-दहा मिनिटांचं, वीस म्हणजे डोक्यावरून पाणी. तर जिथं चुंबकक्षेत्र फार दाट होऊन वर येतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काही हजार पट, तिथं हे वरखाली होणं अडतं, खालची उष्णता वर पोचत नाही आणि तो तुकडा गार पडतो. हे १९०८ मध्ये जॉर्ज एलरी हेल यांनी अमेरिकेत माउंट विल्सनवरून दाखवून दिलं. डाग मात्र त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून माहीत होते, १६१०-११ च्या सुमारास हॅरियट, फॅब्रिशियस, शायनर, गॅलिलिओ असे चौघं-पाच जण वेगवेगळ्या गावी बसून टेलिस्कोपनं ते बघत होते आणि आधी कुणी बघितले यावरून भांडतही होते.

एक काम कर, रोज एकाच वेळी, समज सकाळी आठला, वहीत गोल काढून ठिपक्याची जागा मांडत जा. तो सरकत सरकत कडेला जाईल आणि दिसेनासा होईल. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे तुला पुस्तकाशिवाय कळेल. त्याचा मधला पट्टा साधारण २५ दिवसांत एक फेरी मारतो आणि ध्रुवाकडचा भाग ३०-३५ दिवस घेतो, कारण तो दगडासारखा घट्ट नाहीच, सगळा वायूच आहे. हे असं कुठं भरभर, कुठं हळू फिरण्यामुळंच आतलं चुंबकक्षेत्र पिळलं जातं आणि डाग तयार होतात.

प्रश्न : यंदा सूर्यावर डाग फार झालेत असं मोबाईलवर वाचलं. आमच्या डाळिंबावर पण काळे चट्टे आलेत आणि ऊन पण सहन होईना. याचा त्याच्याशी संबंध आहे काय? (डाळिंब बागायतदार, सांगोला)

नाही दादा, काडीचाही नाही. डाग वाढतात-कमी होतात हे खरंय, साधारण अकरा वर्षांचं चक्र आहे ते, जर्मनीत हाइनरिख श्वाबे नावाच्या हौशी माणसानं वर्षानुवर्षं रोज डाग मोजून १८४३ मध्ये पहिल्यांदा सांगितलं. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि २०२४ मध्ये शिगेला पोचलं. पण डाग भरपूर असताना आणि अजिबात नसताना सूर्याकडून येणाऱ्या एकूण उष्णतेत फरक किती पडतो तर हजारात एक भाग. आणि गंमत म्हणजे डाग जास्त असतात तेव्हा ती किंचित वाढते, कारण डागांच्या आसपास चकचकीत ठिगळंही तयार होतात आणि ती डागांची तूट भरून वर थोडं देतात.

उलट हे बघा, पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची तयारी चाललेली असते आणि आपण कपाटातून स्वेटर बाहेर काढलेले असतात तेव्हा. जुलैपेक्षा तेव्हा सात टक्के जास्त ऊर्जा पृथ्वीला मिळते. तरी आपल्याला थंडी वाजते, कारण आपला उन्हाळा ठरतो तो सूर्य किती डोक्यावर येतो आणि दिवस किती मोठा आहे यावर, आणि वर आपल्याकडं कोरडी हवा, समुद्र लांब, झाडी कमी. हजारात एका भागाला कशाला दोष द्यायचा.

चट्ट्यांचं म्हणाल तर दुपारनंतरचं ऊन ज्या बाजूला थेट लागतं तिथंच असतील तर तो उन्हाचा चट्टा, त्याला फळ झाकणं हाच उपाय. पण तेलकट कडा असलेले, पानांवर पण दिसणारे असतील तर तो तेल्या रोग असू शकतो आणि तेल्या जिवाणूमुळं होतो, सूर्य बिचारा निर्दोष. फांदी-फळ घेऊन सरळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, मोबाईलवर डाग मोजत बसू नका.

प्रश्न : सूर्यातून ज्वाळा बाहेर पडतात त्याचे फोटो बघितले. सूर्य नेमका कशानं जळतोय आणि या ज्वाळा विझत कशा नाहीत? (गृहिणी, अशोक चौक)

ताई, सूर्य जळत नाही. जळायला ऑक्सिजन लागतो, तिथं तसं काही चाललेलं नाही. अगदी मध्यभागी, दीड कोटी अंशाला, हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन हेलियम होतो आणि त्यातून ऊर्जा सुटते. त्या लाल कमानी दिसतात ना फोटोत, त्यांना ज्वाळा म्हणायची सवय पडलीय आणि मराठी पुस्तकांतही सौरज्वाला असंच छापतात, पण त्यात आगीसारखं काहीच नाही. तो वायू आहे, विद्युतभारित, आणि चुंबकक्षेत्राच्या कमानीवर तोलून धरलेला. सूर्याच्या पृष्ठभागापासून हजारो, कधी लाखो किलोमीटर वर. काही कमानी तासाभरात तुटतात, काही महिना-दोन महिने तशाच लटकून राहतात.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. हीच कमान सूर्याच्या कडेला असली की काळ्या आकाशासमोर लालभडक उजळ दिसते, आणि सूर्य फिरून ती आपल्या समोर आली की तिच्यामागं झगझगीत सूर्य असल्यानं काळ्या दोऱ्यासारखी दिसते. वस्तू तीच. पूर्वी लोकांनी दोघांना वेगवेगळी नावं दिली, आजही इंग्रजी पुस्तकांत कडेवरच्याला प्रॉमिनन्स आणि समोरच्याला फिलामेंट म्हणतात. लाल रंग हायड्रोजनचा. खग्रास ग्रहणात चंद्राच्या कडेनं क्षणभर जी गुलाबी-लाल किनार चमकते तोही हाच रंग, तो थर म्हणजे वर्णावरण. त्या थरातून सतत वायूचे बारीक फवारे उडत असतात, दहा हजार किलोमीटर उंच जातात आणि पाच-दहा मिनिटांत संपतात. बारीक म्हटलं खरं, पण पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर आहे, तेव्हा काय बारीक आणि काय मोठं.

प्रश्न : हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं सहलीला गेल्यावर ऐकलं, तिथं साहेबाचे कट्टे पण दाखवतात. हे खरं आहे का? (निवृत्त एसटी कर्मचारी, अक्कलकोट)

काका, हा प्रश्न दरवर्षी ऑगस्टात येतो आणि दरवर्षी उत्तर दिलं की कोकणातले मित्र नाराज होतात. पण आहे ते असं आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण. सावलीचा पट्टा कोकणातून शिरून विजापूरवरून पुढं गुंटूर, मछलीपट्टणपर्यंत गेला. त्या काळी सगळ्यांना एकच कोडं पडलं होतं, की ग्रहणात दिसणाऱ्या त्या लाल ज्वाळा आहेत तरी काय, सूर्याच्या आहेत की चंद्राच्या, ढग आहेत की डोंगर. वर्णपटदर्शक नवीनच हातात आला होता, प्रकाशाचे रंग फोडून बघायचं यंत्र, म्हणून सगळे तो घेऊन धावले. गुंटूरला फ्रान्सचे जूल्स जान्सेन होते. आणि आपल्या जवळचं म्हणजे विजापूरच्या पलीकडं जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. सगळ्यांना ज्वाळांच्या प्रकाशात सुट्या सुट्या चमकदार रेषा दिसल्या आणि कोडं तिथंच सुटलं, ज्वाळा म्हणजे तापलेला वायू. विजयदुर्गाला सगळं श्रेय देताना जमखंडीचं नाव कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं, सोलापूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचू एवढ्या अंतरावर आहे ते.

त्या रेषांत एक पिवळी रेष होती. सुरुवातीला बहुतेकांनी ती सोडियमची धरली, मछलीपट्टणला नॉर्मन पॉगसन यांना ती नेमकी सोडियमच्या जागी नाही असं जाणवलं. जान्सेन यांना रेषा एवढ्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पकडल्या. आणि ज्यांचं नाव विजयदुर्गाशी जोडतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर? ते त्या दिवशी भारतात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. त्यांनी तिथूनच २० ऑक्टोबरला ग्रहणाशिवाय ज्वाळांच्या रेषा बघितल्या, आणि योगायोग असा की दोघांचीही पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पिवळी रेष कुठल्याच माहीत मूलद्रव्याची नाही म्हणून हेलियम हे नाव पुढं लॉकियर यांच्याकडून आलं. पृथ्वीवर तो वायू हातात यायला मात्र १८९५ उजाडलं, विल्यम रामसे यांनी युरेनियमच्या खनिजातून काढला. किल्ला बघायला जरूर जा, किल्ला झकासच आहे, हेलियमसाठी जायची गरज नाही.

प्रश्न : सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि त्याच्या बाहेरची हवा दहा-वीस लाख अंश, असं कसं? उष्णतेपासून लांब गेल्यावर गार व्हायला पाहिजे ना? (बीएस्सी, बार्शी)

व्हायला पाहिजे, आणि होत नाही, म्हणूनच जगभरचे लोक यावर डोकं फोडतायत. ती हवा म्हणजे प्रभामंडल, कोरोना. १८६९ च्या ग्रहणात त्यात एक हिरवी रेष दिसली आणि हेलियमसारखंच हेही नवीन मूलद्रव्य असेल म्हणून त्याचं कोरोनियम असं बारसंही करून टाकलं. सत्तर वर्षांनी कळलं की ते साधं लोखंड आहे, फक्त अणूतले तेरा इलेक्ट्रॉन उडालेलं, आणि एवढे इलेक्ट्रॉन उडायचे तर तापमान लाखांतच पाहिजे. तिथून हा प्रश्न सुरू झाला.

उत्तर पुन्हा चुंबकत्वाकडंच जातं, एवढं नक्की. ती ऊर्जा चुंबकक्षेत्रातून चढणाऱ्या लाटांनी वर पोचते की असंख्य छोटे छोटे स्फोट होऊन, की दोन्ही, आणि कुठं कुणाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. आपलं आदित्य एल-१ हे यान याच कामाला गेलंय, २ सप्टेंबर २०२३ ला उडालं, ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवरच्या जागी पोचलं, तिथून सूर्य चोवीस तास दिसतो. त्यावरची सूट नावाची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झालीय, आणि दुसरं एक यंत्र बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं आहे, ते नेमकी तीच लोखंडाची हिरवी रेष बघतं. एमएस्सीला भौतिकशास्त्र घेणार असलात तर हा विषय अजून उरलाय, घ्या.

प्रश्न : मागच्या आठवड्यात भर दुपारी सूर्याला गोल खळं पडलं होतं. सूर्यावर स्फोट झाला म्हणून पडलं म्हणतात. (मंगळवेढा)

खळ्याचा सूर्याशी काही संबंध नाही. ते आपल्याच आकाशात, सात-आठ किलोमीटर किंवा त्याहून वर असलेल्या विरळ ढगांतल्या बर्फाच्या षटकोनी कणांतून प्रकाश वाकून तयार होतं, म्हणून त्याची त्रिज्या ठरलेली, २२ अंश. चंद्राला पडतं तेही हेच.

प्रश्न : सौरवादळ येणार, रात्री मोबाईल बंद ठेवा, इंटरनेट महिनाभर जाणार, असा मेसेज फिरतोय. काय करायचं? (एमआयडीसी, अक्कलकोट रोड, असाच प्रश्न विजापूर रोडवरूनही)

मेसेज डिलीट करायचा. पण त्यात पाव चमचा खरं असतं म्हणून थोडं सांगतो.

डागांच्या वरच्या चुंबकीय कमानी पिळत पिळत एका क्षणी तुटून नव्यानं जुळतात आणि मिनिटांत प्रचंड ऊर्जा सुटते, तो सौरस्फोट. त्याचे क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगानं आठ मिनिटांत इथं पोचतात, ते हवेतच वर अडतात, पण त्यामुळं दिवस असलेल्या बाजूला शॉर्टवेव्ह रेडिओ बिघडतो. कधी कधी त्याबरोबर अब्जावधी टन वायूचा लोंढाही सुटतो, तो यायला एक ते तीन दिवस लागतात आणि खरी वादळं त्याची. १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन यांनी डागांचं चित्र काढता काढता असा स्फोट डोळ्यांनी बघितला आणि लगेचच्या वादळात तारयंत्रं बिघडली. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्वेबेकची वीज नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात. पण हे ध्रुवाच्या बाजूच्या देशांना जास्त भोवतं, आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत. सोलापुरात लाईट जायला सूर्याची गरज कधी पडलेली नाही.

ताजं उदाहरण घ्या. मे २०२४ मध्ये ७ तारखेला आपल्याकडं लोकसभेचं मतदान झालं, त्याच आठवड्यात सूर्यावर पृथ्वीच्या पंधरापट रुंद डागांचा गट समोर आला होता आणि १०-११ मेच्या रात्री वीस वर्षांतलं सर्वात मोठं वादळ आलं. लडाखात हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांना आकाश लाल दिसलं. इकडं आपले मोबाईल चालूच होते आणि लोक निकालाचे अंदाज फॉरवर्ड करत होते. काळजी करायची ती उपग्रहवाल्यांनी आणि ध्रुवावरून विमानं नेणाऱ्यांनी, ते करतातही. तुमचा फोन रात्री बंद ठेवलात तर झोप बरी लागेल, एवढाच फायदा.

प्रश्न : हे सगळं घरच्या गच्चीवरून बघता येईल का? टेलिस्कोप नाही. (शिक्षिका, पंढरपूर)

डाग येतील मॅडम, बाकीचं नाही. ज्वाळा बघायच्या तर फक्त हायड्रोजनचा लाल रंग सोडणारा खास फिल्टर लागतो, तो महाग पडतो, आणि प्रभामंडल खग्रास ग्रहणाशिवाय दिसत नाही.

डागांसाठी सर्वात चांगला मार्ग म्हणजे बायनॉक्युलरमधून कागदावर प्रतिमा पाडणं. बायनॉक्युलर स्टँडला नाहीतर खुर्चीला घट्ट बांधा, एका नळीवर झाकण लावा, दुसरी सूर्याकडं करा. नेम धरताना त्यातून बघायचं नाही, अजिबात नाही, बायनॉक्युलरची सावली सर्वात लहान झाली की नेम बरोबर लागला. मागं तीनेक फुटांवर पांढरा पुठ्ठा धरा, आठ-नऊ सेंटीमीटरचा सूर्य पडेल, फोकस फिरवून कडा धारदार करा. डाग असतील तर दिसतातच, काळा गाभा आणि त्याभोवतीची करडी झालरसुद्धा मोठ्या डागात कळते. या झालरीत वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत शोधलं, तिथं १९०४ पासून सूर्याचे फोटो काढणं चालू आहे. दोन मिनिटं झाली की बायनॉक्युलर बाजूला वळवा, आतलं प्लास्टिक तापून वितळतं. मुलं असतील तर एक मोठं माणूस सतत तिथंच उभं पाहिजे, कारण कुणीतरी एक वाकून बघायला जातंच.

छोट्या आरशावर भोकाचा काळा कागद लावून अंधाऱ्या खोलीत सूर्य पाडायची पद्धत ग्रहणाला मस्त, पण डाग फारच मोठा असेल तरच त्यात दिसतो. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, परातीतलं शेणकाल्याचं पाणी, यातलं काही चालत नाही. चष्मा घ्यायचा तर आयएसओ १२३१२-२ लिहिलेला आणि ओरखडे नसलेला, आणि तो लावून बायनॉक्युलरमधून तर मुळीच बघायचं नाही, एका सेकंदात जळतो, पाठोपाठ डोळा. वेळ सकाळी आठ-साडेआठची ठेवा, नंतर स्लॅब तापतो आणि त्याच्या वाफेनं प्रतिमा थरथरायला लागते. उदयपूरची सौर वेधशाळा तलावाच्या मधोमध बांधलीय ती याचसाठी, पाण्यावरची हवा कमी थरथरते.

ग्रहणाचं पण तुम्ही विचारलंय, तर २ ऑगस्ट २०२७ ला सोमवारी दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास आहे, खग्रास बघायला इजिप्तमध्ये लुक्सरला जावं लागेल, तिथं सहा मिनिटांहून जास्त वेळ आहे. भारतात खग्रास २० मार्च २०३४ ला, तेही काश्मीर-लडाखच्या बाजूला. सहलीची भिशी आत्तापासून लावायला हरकत नाही.